मागे राहणाऱ्यांची तयारी

पुतणीने ओटीवर चटई अंथरली आणि न्यायचं सगळं सामान तिच्यावर मांडलं. सुती कपडे, डोक्याला बांधायची विजेरी, मच्छरदाणी, दोन जोडी बूट, स्वतःचा स्टेथोस्कोप, पिवळ्या तापाच्या लशीचं पिवळं पुस्तक. शेजारच्या काकू पहाटेच्या गाडीने भाजी घेऊन मुंबईला जातात. त्यांचा टांगायचा काटा मागून आणला होता. बॅग त्याला अडकवून आम्ही दोघांनी उचलली. वीस किलोची परवानगी, भरली बावीस. वहिनींनी लोणच्याची बरणी बाहेर काढली, हातात धरून क्षणभर थांबल्या आणि परत आत ठेवली. मग बुटांचा एक जोड बाहेर काढला. पुतणी काही बोलली नाही.

ती नर्स आहे. वय तीस. एका आंतरराष्ट्रीय वैद्यकीय संघटनेबरोबर नऊ महिन्यांसाठी आफ्रिकेत चालली आहे, युद्धाने घर सोडावं लागलेल्या लोकांच्या छावणीत. मानधन इथल्या पगाराहून कमी. पालघर जिल्ह्यातल्या आमच्या सफाळ्यातून माणसं परदेशात जातात ती कमवायला जातात. तिचे वडील, म्हणजे माझा थोरला भाऊ, तसेच गेले होते. ते पेटीतून परत आले.

सामानाचं काम संपलं तरी एक कागद भरायचा राहिला होता. त्या कागदापाशी घरातलं सगळं बोलणं दोन दिवस अडून बसलं होतं. त्याच्याविषयी शेवटी लिहितो. आधी पेटीविषयी.

*

दादा पालघरच्या आयटीआयचा फिटर. तारापूर एमआयडीसीत अकरा वर्षं काम केलं आणि मग आखातात गेला. बोईसर-तारापूरच्या कारखान्यांत हात बसलेले फिटर, वेल्डर, पाइपवाले तिकडच्या ठेकेदारांना हवेच असतात. दर दोन वर्षांनी तो दोन महिने घरी यायचा. २०१४ च्या सप्टेंबरात, पाऊस ओसरत असताना, रात्री अडीच वाजता त्याच्या खोलीतल्या सोबत्याचा फोन आला. झोपेतच गेला, हृदय थांबलं, असं तो हिंदीत तीनदा म्हणाला. मला पहिल्यांदा कळलं नाही म्हणून तीनदा.

तिथून अकरा दिवस आम्ही वाट पाहिली. त्या अकरा दिवसांत जे शिकलो ते कुठल्याही घरावर शिकायची वेळ येऊ नये. पण आली, तर निदान माहिती हाताशी असावी म्हणून लिहितो.

परदेशात माणूस गेला की आधी तिथल्या इस्पितळाचा आणि पोलिसांचा कागद होतो, मग तिथल्या सरकारचा मृत्यूचा दाखला. तो आपल्या दूतावासात जातो. दूतावास मृत्यूची नोंद करतो, पासपोर्ट रद्द करतो आणि मृतदेह नेण्यासाठी ना हरकत प्रमाणपत्र देतो. त्यासाठी घरच्यांचं संमतिपत्र लागतं, देह इकडे आणायचा की तिकडेच अंत्यसंस्कार करायचे ते त्यात स्पष्ट लिहावं लागतं. देह टिकवण्यासाठी एम्बामिंग होतं, त्याचा वेगळा दाखला. पेटी हवाबंद असावी लागते. विमान कंपनी ती सामान म्हणूनच घेते आणि ती उतरते कार्गोत. विमानतळाचे आरोग्य अधिकारी कागद पाहून सोडतात, तेव्हा कुठे ती घरच्यांच्या ताब्यात येते.

आमची गाडी एका जिल्ह्याच्या नावावर अडली होती. १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून फुटून पालघर जिल्हा झाला. दादाच्या पासपोर्टवर जिल्हा ठाणे, वहिनींच्या नव्या दाखल्यावर जिल्हा पालघर. तिकडच्या कारकुनाला ही दोन वेगळी गावं वाटली. गाव तेच आहे, जिल्हा बदलला आहे, हे समजावणारं पत्र मिळवण्यात दोन दिवस गेले. नवा जिल्हा झाला म्हणून गावात पेढे वाटले होते त्याला दोन महिनेही झाले नव्हते.

आज काही गोष्टी सोप्या झाल्या आहेत. फेब्रुवारी २०१५ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने ‘मदद’ हे पोर्टल सुरू केलं, त्यावर तक्रार नोंदवून तिचा माग ठेवता येतो. ऑगस्ट २०२३ पासून मृतदेह किंवा अस्थी आणण्याच्या परवानगीसाठी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाचं ‘ई-केअर’ पोर्टल आहे. ज्या घराची ऐपत नाही त्याच्यासाठी दूतावासाकडे भारतीय समुदाय कल्याण निधी असतो, तो २००९ पासून आहे. ईसीआर पासपोर्टवर, म्हणजे ज्यावर परदेशी कामाला जाण्याआधी सरकारची परवानगी लागते अशा पासपोर्टवर, कामाला जाणाऱ्यांना प्रवासी भारतीय विमा योजना सक्तीची आहे. दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये, तीन वर्षांचा ३७५, आणि अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर १० लाखांचं संरक्षण. पण हे ठाऊक असलेली माणसं मला गावात बोटांवर मोजण्याइतकीच भेटली.

बाराव्या दिवशी पहाटे मुंबईत सहार विमानतळाच्या कार्गोतून पेटी मिळाली. महामार्गाने वरई फाट्यापर्यंत आलो, तिथून डावीकडे वळून तांदुळवाडीच्या घाटात शिरलो. दादा सुटीवर यायचा तेव्हा याच फाट्यावर टॅक्सी थांबवून चहा प्यायचा, हे ड्रायव्हरला ठाऊक असायचं काही कारण नव्हतं. तरी त्याने तिथेच गाडी बाजूला घेतली आणि विचारलं, चहा घेणार का? मी नको म्हणालो. अजून त्या फाट्यावर मी चहा घेत नाही.

घरी पेटी उघडायची की नाही, यावर पाच मिनिटं कुजबुज झाली. वहिनी म्हणाल्या, उघडा. पुतणी तेव्हा एकोणीस वर्षांची, नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला. ती पुढे झाली. वडिलांच्या गालाला लावलेली कसलीशी पावडर तिने ओल्या कापडाने पुसली आणि आईला म्हणाली, ‘आता बघ, बाबाच आहेत.’

*

आमच्या किनाऱ्याला परमुलखातलं मरण नवं नाही. केळवे, वडराई, सातपाटी, डहाणू, तलासरी या पट्ट्यातले खलाशी हंगामात गुजरातच्या बोटींवर जातात. समुद्रात रेघ आखलेली नसते. बोट पलीकडे गेली, किंवा गेली असं ठरवलं गेलं, की पाकिस्तानची सागरी सुरक्षा संस्था पकडते आणि माणसं कराचीच्या तुरुंगात जातात. नोव्हेंबर २०२१ मध्ये ‘जलपरी’ या बोटीवर गोळीबार झाला, त्यात आमच्या पालघर तालुक्यातला एक खलाशी जागीच गेला. मार्च २०२४ मध्ये डहाणू तालुक्यातला एक आदिवासी खलाशी तिकडे कैदेत असताना वारला. त्याचा देह वाघ्यामार्गे घरी पोचायला दीड महिना लागला. भारत आणि पाकिस्तान दर वर्षी १ जानेवारीला आणि १ जुलैला एकमेकांना कैद्यांच्या याद्या देतात, २००८ च्या कराराप्रमाणे. शहरात ही बातमी चार ओळींची असते. पाड्यावरच्या बायका त्या दोन तारखांना नाव शोधतात.

म्हणून पुतणी जेव्हा म्हणाली, मी जाणार, तेव्हा वहिनींनी पहिला प्रश्न विचारला तो आमच्या सगळ्या किनाऱ्याचा होता. ‘आणि काही झालं तर तुला आणणार कोण?’

*

त्या प्रश्नाचं उत्तर शोधताना मला डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस आठवले. शाळेत त्यांच्यावर धडा वाचला होता, व्ही. शांताराम यांचा १९४६ चा चित्रपट दूरदर्शनवर पाहिला होता. पण या वेळी मी त्यांच्याकडे वेगळ्या नजरेने पाहिलं. त्यांच्या घराकडे पाहिलं.

१० ऑक्टोबर १९१० ला सोलापुरात जन्म, वडील शांताराम कोटणीस, मध्यमवर्गीय मोठं कुटुंब. मुंबईच्या शेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात शिक्षण. जुलै १९३७ मध्ये जपानने चीनवर मोठी चढाई केली. चिनी सेनापती चू ते यांनी जवाहरलाल नेहरूंना पत्र लिहून वैद्यकीय मदत मागितली. सुभाषचंद्र बोस तेव्हा काँग्रेसचे अध्यक्ष होते. त्यांनी देशाला आवाहन केलं, वर्गणी जमली, आणि पाच डॉक्टरांचं पथक ठरलं. प्रमुख डॉ. मदनमोहन अटल, जे स्पेनच्या यादवी युद्धात काम करून आलेले होते. त्यांच्यासोबत नागपूरचे डॉ. चोळकर, कलकत्त्याचे डॉ. विजयकुमार बसू आणि डॉ. देवेश मुखर्जी, आणि सत्तावीस वर्षांचे कोटणीस. १ सप्टेंबर १९३८ ला ‘राजपुताना’ या जहाजाने ते मुंबईहून निघाले.

स्वतः पारतंत्र्यात असलेल्या देशाने दुसऱ्या देशाच्या जखमींसाठी आपले डॉक्टर पाठवले, ही गोष्ट आजही मला भरून आणते. पण त्या गोष्टीच्या पोटात दुसरी एक आहे, तिच्याविषयी आपण कमी बोलतो. मुंबई सोडून पाच महिनेही झाले नव्हते. पथक चीनमधल्या चुंगकिंगहून येनानकडे निघायच्या तयारीत होतं. तेव्हा कोटणीसांना निरोप मिळाला की वडील वारले.

परदेशात माणूस गमावणं म्हणजे तिकडे गेलेला जाणं, एवढंच आपण समजतो. इथे तिकडे गेलेल्याने इकडचा माणूस गमावला. सोबत्यांनी त्यांना परत जायला सुचवलं. ते गेले नाहीत, येनानला गेले. आज विमानाने चौदा तासांत घरी येणाऱ्यांनाही वडिलांचं तोंड पाहायला मिळतंच असं नाही. त्या काळी परतीचा प्रवास कित्येक आठवड्यांचा होता. कोटणीसांनी मनाशी काय ठरवलं, ते आपण त्यांच्या पुढच्या वागण्यावरूनच ओळखायचं.

मोहीम आधी थोड्या काळासाठी होती. पथकातले तिघे एकेक करून परत आले, बसू १९४३ पर्यंत राहिले. कोटणीस आघाडीच्या डोंगराळ भागात गेले. चिनी भाषा शिकले, त्याच भाषेत शिकवू लागले. पाचही जणांनी नावाच्या शेवटी ‘हुआ’ हे अक्षर घेतलं होतं. हुआ म्हणजे चीन. कोटणीस झाले ‘खे तिहुआ’. कॅनडाचे सर्जन नॉर्मन बेथ्यून त्याच आघाडीवर काम करत होते. शस्त्रक्रिया करताना बोटाला झालेल्या जखमेतून रक्तात विष पसरून ते १२ नोव्हेंबर १९३९ ला गेले. त्यांच्या नावाने उभ्या राहिलेल्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाची जबाबदारी १९४१ मध्ये कोटणीसांकडे आली. त्याच वर्षी नोव्हेंबरात त्यांनी तिथल्या नर्सिंगच्या शिक्षिका कुओ चिंगलान यांच्याशी लग्न केलं.

ऑगस्ट १९४२ चं पान आमच्या जिल्ह्यात कुणी विसरत नाही. १४ ऑगस्टला पालघरच्या कचेरीवर मोर्चा गेला, गोळीबार झाला आणि आसपासच्या गावांतले पाच जण हुतात्मा झाले. आजही त्या दिवशी पालघर बंद राहतं आणि हुतात्मा स्तंभापाशी माणसं जमतात. त्यानंतर नऊ दिवसांनी, २३ ऑगस्टला, दूर चीनमधल्या एका खेड्यात कोटणीसांना मुलगा झाला. नाव ठेवलं ‘यिनहुआ’. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. आणि ९ डिसेंबर १९४२ ला, अपस्माराच्या झटक्यांनी, कोटणीस गेले. वय बत्तीस. मूल साडेतीन महिन्यांचं.

त्यांना कुणी आणलं नाही. आणणं शक्यच नव्हतं. समाधी तिकडेच झाली, आता ती होपेइ प्रांतातल्या शिचियाच्वांग शहरात आहे, बेथ्यून यांच्या स्मारकाच्याच आवारात. चिनी लोकांचा पूर्वजांच्या थडग्यांना भेट देण्याचा सण वसंतात येतो, आपल्या पितृपक्षासारखा. त्या दिवशी तिथे लोक फुलं ठेवतात. सोलापूरचा माणूस असा परक्या मुलखात पितर म्हणून जपला जातो.

मी पुतणीला आणि वहिनींना घेऊन सोलापूरला गेलो. भैय्या चौकातलं कोटणीसांचं जन्मघर महापालिकेने जपलं आहे, २०१२ मध्ये ते स्मारक म्हणून खुलं झालं. वहिनी फोटोंसमोरून हळूहळू चालत गेल्या. कोटणीसांच्या गणवेशातल्या फोटोपुढे त्या थांबल्या नाहीत. कुओ चिंगलान आणि त्यांच्या मांडीवरच्या मुलाविषयी मी सांगत होतो, तिथे थांबल्या. पुढचं मी सांगितलं. तो मुलगाही वैद्यकीचं शिकत असताना १९६७ मध्ये वारला. कुओ चिंगलान २०१२ पर्यंत जगल्या, नव्वदीच्या पलीकडे. अनेकदा भारतात आल्या, सासरच्या माणसांना भेटल्या. नातं त्यांनी एकटीने सत्तर वर्षं सांभाळलं.

‘नवरा गेला, मुलगा गेला, तरी ती सासरी येत राहिली,’ वहिनी म्हणाल्या. परतीच्या गाडीत बराच वेळ त्या एवढंच धरून बसल्या होत्या.

*

परदेशी सेवेला जाण्याची वाट आज आखीव आहे. संयुक्त राष्ट्रांचा स्वयंसेवक कार्यक्रम डिसेंबर १९७० मध्ये ठरला, त्याचं मुख्यालय जर्मनीत बॉन इथे आहे. सीमेपलीकडे जाऊन उपचार करणाऱ्या फ्रेंच डॉक्टरांची ‘मेदसाँ साँ फ्राँतिएर’ १९७१ ची, तिला १९९९ मध्ये शांततेचं नोबेल मिळालं. डॉक्टर-नर्सांइतकीच तिथे गरज असते पाण्याची व्यवस्था बघणाऱ्यांची, भांडारपालांची, हिशेबनिसांची, गाड्या दुरुस्त करणाऱ्यांची. दादासारखा फिटर छावणीत हजार माणसांना नळाचं पाणी देऊ शकतो. हे तो असता तर मी त्याला सांगितलं असतं.

तयारीला पुतणीला सात महिने लागले. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी नवी करून घ्यायची, पदवीच्या कागदांवर शिक्के, पोलिसांचा चारित्र्याचा दाखला. फ्रेंचचा वर्ग, आठवड्यातून तीन दिवस, डहाणू लोकलने ये-जा करत. लशींची तर यादीच होती. विषमज्वर, कावीळ, मेंदूज्वर, रेबीज. पिवळ्या तापाची लस सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते, निघण्याच्या निदान दहा दिवस आधी. तिचा दाखला २०१६ पासून जन्मभर चालतो. मग सुरक्षेचं प्रशिक्षण. नाक्यावर बंदूकधाऱ्याने गाडी अडवली तर हात कुठे ठेवायचे, गोळीबार झाला तर कुठल्या भिंतीआड जायचं. हे तिने आम्हाला जेवताना सांगितलं, आणि वहिनींच्या हातातली भाकरी तशीच राहिली.

ही भीती पोकळ नाही. संयुक्त राष्ट्रांच्या नोंदीप्रमाणे २०२४ मध्ये जगभरात ३८३ मदतकर्मी मारले गेले. त्यातले बहुतेक बाहेरून आलेले नव्हते, त्या त्या देशातलेच होते. बाहेरून गेलेल्याला निदान बाहेर काढण्याची सोय असते. पुतणी म्हणाली, ‘काका, तिथल्या नर्सला कुठे परत जायचं असतं? तिचं घर तिथेच असतं ना.’ मला यावर उत्तर नव्हतं. आणि तिच्या जाण्याला माझा होकार खरं तर त्याच क्षणी झाला.

पण होकार देऊन घराचं काम संपत नाही. इतक्या वर्षांनी मला जे कळलं आहे ते एवढंच, आणि या लेखात सांगायचं आहे तेही एवढंच. जाणारा सहा-सात महिने तयारी करतो. मागे राहणारे काहीच करत नाहीत, फक्त काळजी करतात. काळजीला कामाला लावलं पाहिजे. दादा गेला तेव्हा आम्हाला त्याच्या कंपनीचं पूर्ण नाव ठाऊक नव्हतं. दर महिन्याला पैसे येत होते, तेवढ्यावर आम्ही निवांत होतो. तो अपराध माझा आहे आणि मी तो विसरलेलो नाही.

या वेळी आम्ही बसलो. वहिनी, पुतणी, मी, माझी बायको. एक शंभर पानी वही घेतली. संघटनेला काय विचारायचं ते वहिनींनी सांगितलं आणि पुतणीने लिहिलं. विमा किती आणि कुठल्या कंपनीचा? आजारी पडली तर जवळचं मोठं इस्पितळ कुठल्या शहरात, तिथवर नेणार कोण? जीव गेला तर देह आणायची जबाबदारी कुणाची, लेखी आहे का? रात्री दोन वाजता फोन करायचा तर कुणाला, आणि तो माणूस हिंदी बोलेल का? सगळ्या प्रश्नांची उत्तरं लेखी आली. जी संघटना अशी उत्तरं देत नाही, किंवा सेवेला येणाऱ्याकडूनच पैसे मागते, तिच्याबरोबर आपल्या मुलांना पाठवू नये.

वहीच्या दुसऱ्या पानावर घराचे कागद. बँकेतलं वारसाचं नाव तपासलं. मृत्युपत्र केलं. साध्या कागदावर, दोन साक्षीदारांच्या सह्या असल्या की कायद्याला ते पुरतं, मुद्रांक लागत नाही. तीस वर्षांच्या पोरीने मृत्युपत्र करावं हे गावात ऐकून लोकांना अपशकुन वाटला. वहिनी त्यांना म्हणाल्या, ‘आमच्याकडे अपशकुन होऊन गेलाय. आता कागद करतोय.’

तिसरं पान सगळ्यांत अवघड होतं. ते पुतणीने स्वतः उघडलं. मी तिकडे गेले, तर मला आणायचं का? ती म्हणाली, शक्य असेल तर आणा, त्रास असेल तर तिकडेच. आईने मान हलवली. ‘आणायचं,’ एवढंच म्हणाली. मग दुसरा प्रश्न, जो कोटणीसांच्या घरी कुणी विचारला नसेल. तू तिकडे असताना आईला काही झालं, तर? या प्रश्नावर पुतणी गप्प झाली. बोलल्या त्या वहिनी. ‘मला दोन दिवस ठेवू नका. काकांनी अग्नी द्यावा. तू काम पुरं करून ये, आणि मग दहा दिवस घरात राहा.’ पुतणीने ते जसंच्या तसं लिहून घेतलं. अक्षर वाकडं आलं आहे, पण वाचता येतं.

*

आता तो राहिलेला कागद.

धोक्याच्या देशात जाणाऱ्याकडून संघटना काही प्रश्न लिहून घेतात. माणूस पळवला गेला, आणि कुणी सांगू लागलं की तो आमच्याकडे जिवंत आहे, तर खात्री करायला हे प्रश्न विचारायचे. ज्यांचं उत्तर फक्त त्या माणसालाच देता येईल असे. समाजमाध्यमांवर सापडणारं, कागदपत्रांत असणारं, शेजाऱ्यांना माहीत असणारं उत्तर चालत नाही. ते उत्तर पाकिटात बंद होऊन राहतं आणि ती सुखरूप परत आली की न उघडता नष्ट केलं जातं.

दोन दिवस पुतणी सुचेल ते लिहून खोडत होती. शाळेतल्या बाईंचं नाव, ते मैत्रिणींना ठाऊक. कुत्र्याचं नाव, ते अख्ख्या आळीला ठाऊक. बॅगेचं वजन करून झालं, काटा परत द्यायला मी उठलो, तेव्हा वहिनी ओटीच्या पायरीवर बसल्या होत्या. त्यांनी तिला हाक मारली.

‘बाय, बाबांचा शेवटचा फोन आठवतोय?’

तो फोन दादाने जायच्या आदल्या संध्याकाळी केला होता. आधी वहिनींशी बोलला, मग वहिनींनी लेकीला फोन दिला. पुढच्या सुटीत येताना काय आणू, असं त्याने तिला विचारलं होतं. तिने काहीतरी सांगितलं. ती वस्तू आली नाही. पुढे तिने ती स्वतःच्या पगारातूनही कधी घेतली नाही. हे मला त्या संध्याकाळी पहिल्यांदा कळलं. आमच्या घरात त्या फोनबद्दल कुणी बोलत नसे.

पुतणीने कागद मांडीवर घेतला आणि प्रश्न लिहिला. शेवटच्या फोनवर मी बाबांकडे काय मागितलं होतं?

उत्तर तिने आईच्या कानात सांगितलं. वहिनी हसल्या, डोळे पुसले, आणि म्हणाल्या, ‘हो, तेच.’ मग तिने ते लिहिलं, पाकीट चिकटवलं आणि वहीत ठेवलं. मी विचारलं नाही. ती परत आली की दोघी मला सांगणार आहेत, असं ठरलं आहे.

काटा मी काकूंना देऊन आलो. त्यांना पहाटेच्या गाडीला तो लागणार होता.